कसर लागली? आधी कुणाची, ते ओळखा

रफूगराने शाल उजेडात धरली, एक घडी बोटाने उलगडून पाहिली आणि ती तशीच दुकानाबाहेर नेऊन झटकली. "ताई, रफूचं नंतर बघू. आधी हिच्यात जे जिवंत आहे ते मारून आणा, नाहीतर माझ्याकडचे बाकीचे कपडे जातील."

वडिलांनी कुलूहून आणलेली गर्द जांभळी लोकरीची शाल होती ती. काही महिन्यांपूर्वी कपाट आवरताना तिच्या घडीत जांभळी, रव्यासारखी पूड दिसली होती. जुना रंग झडत असेल असं समजून मी ती झटकली आणि शाल पुन्हा तिथेच ठेवून दिली. पण ती पूड म्हणजे अळीची विष्ठा होती. अळी ज्या रंगाची लोकर खाते, बहुतेकदा त्याच रंगाची तिची विष्ठा असते, म्हणून ती लोकरीत मिसळून जाते. त्या एका गैरसमजाने शेजारचा स्वेटर गेला आणि आजीची सोवळ्याची धाबळीही गेली. धाबळीला तर आता रफू करायलाही जागा उरलेली नाही.

तेव्हापासून या विषयाच्या मी मागे लागले. वाचलं, रफूगराला विचारलं, ड्रायक्लीनिंगवाल्याला विचारलं, घरात करून पाहिलं. आपल्याकडे कपड्याला भोक पडलं की 'कसर लागली' म्हणायचं आणि मूठभर डांबरगोळ्या टाकायच्या, एवढाच उपाय ठरलेला आहे. पण कसर या एका शब्दात आपण तीन-चार वेगवेगळे किडे कोंबतो. एक लोकर खातो, एक कांजी खातो, एकाला अंधार हवा असतो, एकाला ओल. कोण आहे हे न बघता केलेला उपाय बहुतेक वेळा वाया जातो. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. डांबरगोळीचा विचार त्यात अगदी शेवटी येतो.

पायरी १ : कोण खातंय, ते बघा

दुपारच्या उजेडात खिडकीशी पांढरी चादर अंथरा आणि संशयित कपडा तिच्यावर सावकाश उलगडा. घड्या, काखा, कॉलरची मागची बाजू, साडीचा फॉल, खिशांचे तळ, शिवणी बघा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की धागे, साली, पूड लगेच दिसतात. चादरीवर जे पडेल ते झटकू नका. त्यावरूनच तर ओळख पटते.

*लोकर खाणारा पतंग.* याचं शरीर जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर, रंग वाळलेल्या गवतासारखा सोनेरी. दिव्याभोवती तो घिरट्या घालत नाही. कपाट उघडलं की उजेडापासून पळतो, घडीत शिरतो. स्वयंपाकघरात ट्यूबलाइटपाशी जी करडी-तपकिरी पाखरं उडतात, ती रव्या-तांदळातली असतात. त्यांना तुमच्या शालीत काही रस नसतो. कपड्याचं नुकसान पतंग स्वतः करत नाही, मोठा झाल्यावर तो काही खातच नाही. खाते ती अळी. ती दुधाळ पांढरी असते, डोकं तपकिरी. कपड्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे रेशमी पट्टे किंवा नळ्या दिसल्या आणि त्यात कपड्याच्याच रंगाची रवाळ पूड अडकलेली असली, की समजा हीच. एक मादी साधारण ४० ते ५० अंडी घालते. आपल्याकडच्या उबेत ती चार ते दहा दिवसांत फुटतात. अंडी इतकी बारीक असतात आणि विणीत अशी चिकटतात की झटकून सगळी जात नाहीत.

*भिंतीवरचं चपटं कोष.* मुंबईत बाथरूमच्या भिंतीवर किंवा बेडमागच्या ओलसर कोपऱ्यात भोपळ्याच्या बीसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं, सिमेंटच्या रंगाचं काहीतरी चिकटलेलं तुम्ही नक्की पाहिलं असेल. बहुतेक लोक त्याला धुळीचा गोळा समजतात. दोन मिनिटं नीट बघत राहा. एका टोकातून बारीक तपकिरी डोकं बाहेर येतं, तीन जोड्या पाय दिसतात आणि ती अळी अख्खं घर ओढत पुढे सरकते. कोष दोन्ही बाजूंनी उघडं असतं. तिला त्याच्या आतच वळता येतं, त्यामुळे ती कुठल्याही टोकाने बाहेर डोकावते. कोष ती रेशमाच्या धाग्याने विणते आणि वर वाळू, रंगाचे कण, धूळ चिकटवते. तिचं मुख्य अन्न म्हणजे जुनी कोळीष्टकं, मेलेले किडे, गळलेले केस. मिळाली तर लोकरही खाते. घरात ही दिसली तर घाबरायचं कारण नाही, पण ती दोन गोष्टी सांगते : भिंतीत ओल आहे आणि जाळी-जळमटं काढलेली नाहीत. केरसुणीने काढा, कोष चिरडून टाका, जळमटं झाडा. फवारणीची गरज नाही.

*केसाळ अळीचा भुंगेरा.* हा गोल, २ ते ४ मिलिमीटरचा, कधी काळा, कधी पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांचा. मोठा झाला की फुलांचे पराग खातो, म्हणून तो खिडकीच्या काचेपाशी सापडतो. त्याची अळी मात्र अंधारात लोकर, रेशीम, पिसं, केस खाते. ती तपकिरी आणि केसाळ असते, आणि वाढताना कात टाकते. चादरीवर पोकळ, केसाळ, हलक्या सालपटांचा खच पडला आणि जाळं कुठेच दिसलं नाही, तर हा भुंगेरा. या केसांनी काहींच्या अंगाला खाज येते. ढेकूण समजून गादी फेकून देणारी माणसं मला माहीत आहेत.

*चंदेरी किडा.* माशासारखा निमुळता, चकचकीत, मागे तीन शेपट्या. जुनी वही उघडली की सुळकन पळतो. हा लोकरीच्या वाटेला फारसा जात नाही. याला पिठूळ पदार्थ आणि वनस्पतीचा धागा लागतो : कांजी केलेलं सुती कापड, लिनन, रेयॉन, कागद, पुस्तकाच्या बांधणीतली खळ. तो सरळ भोक पाडत नाही. आधी वरचा थर खरवडतो, तिथे कापड पातळ होतं, पिवळसर डाग पडतात, मग फाटतं. याला खूप दमट हवा हवी असते, आणि तो दोन-तीन वर्षं सहज जगतो.

झुरळं कपडे मुद्दाम खात नाहीत, पण कांजी, घाम, सांडलेलं वरण कुरतडतात आणि तपकिरी डाग पाडतात. वाळवीचं तर वेगळंच प्रकरण. भिंतीला किंवा कपाटाच्या मागच्या फळीला मातीची बोटभर नळी दिसली तर कपडे बाजूला करून लगेच परवानाधारक माणसाला बोलवा. ते घरच्या उपायाचं काम नाही.

पायरी २ : कापड कशाचं आहे?

पतंगाची आणि भुंगेऱ्याची अळी प्राण्यापासून आलेल्या धाग्यावर जगते : लोकर, रेशीम, पिसं, फर. हे पचवण्याची ताकद फार थोड्या किड्यांत असते. निव्वळ सुती किंवा अॅक्रिलिक कापडावर ती जगत नाही; मिश्र धागा असेल किंवा घाम-तेल लागलेलं असेल तर मात्र तेही चावते.

म्हणून कपाटातल्या सगळ्याच कपड्यांची सारखी काळजी करू नका. सत्कारात मिळालेल्या शालींचा ढीग बहुतेक घरांत असतो. त्यातल्या बऱ्याचशा अॅक्रिलिकच्या किंवा मिश्र धाग्याच्या असतात. खात्री करायची तर कडेचा एक सुटा धागा काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर काडीने पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटात चुरडणारी काळी राख उरली तर लोकर किंवा रेशीम. वितळून टणक मणी झाला तर कृत्रिम धागा. कागदासारखा जळून मऊ करडी राख राहिली तर सुती.

आपल्या घरात जपायच्या वस्तू मग आपोआप वेगळ्या निघतात : पैठणी, शालू, रेशमी सोवळं, लोकरीचे स्वेटर-शाली, वडिलांचा सूट, लोकरीचा गालिचा. यात एक वस्तू सगळे विसरतात, ती म्हणजे पेटी. हार्मोनियमच्या आत लोकरीच्या नमद्याच्या पट्ट्या असतात आणि कसर त्यात शिरते. महिनोन्महिने कुणी वाजवलेली नसेल तर जाणकाराकडून ती एकदा उघडून बघा.

मुंबईत थंडी ती कितीशी? स्वेटर जानेवारीत आठ-दहा दिवस किंवा महाबळेश्वर-मनालीच्या सहलीपुरता बाहेर येतो. बाकी अकरा महिने तो माळ्यावर, दिवाणात, बॅगेत, अंधारात पडून. गरम हवेच्या शहरात लोकरीला धोका नाही असं वाटतं, पण इतका काळ हात न लागलेली लोकर अळीला आणखी कुठे मिळणार?

पायरी ३ : त्याच दिवशी वेगळं करा

एका कपड्यात खूण सापडली की त्या कप्प्यातले सगळे लोकरी-रेशमी कपडे संशयित धरा. प्रत्येक कपडा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. आधी झटकून मग पिशवीत घालू नका, अळ्या खोलीभर होतील. सोसायटीच्या गच्चीवर जाता येत असेल तर तिथेच उलगडा.

पायरी ४ : अंडी-अळी मारा

थंड पाण्यात हाताने धुतल्याने अंडी मरतीलच असं नाही, आणि गरम पाण्यात लोकर आटते. त्यामुळे खरे पर्याय तीन.

*गोठवणं.* हा मला सगळ्यात आवडलेला उपाय, कारण त्यात औषध नाही, वास नाही. कपडा पूर्ण कोरडा हवा. सैल घडी घाला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा, वर दुसरी पिशवी चढवा. उणे १८ अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवा. इथे एक अडचण येते. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बरेचदा उणे १८ पर्यंत जातच नाही. साधा फ्रीजरचा तापमापक आत ठेवून बघा. नसेल जात, तर दुसरा पर्याय घ्या किंवा ज्यांच्याकडे वेगळा डीप फ्रीजर आहे अशा नातेवाइकांना गाठा. मी तेच केलं. मामींच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांखाली शाल दोन आठवडे होती. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. किमान एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर आपल्या दमट हवेतलं पाणी गार कापडावर जमतं आणि डाग पडतो. खडे-आरसे चिकटवलेले किंवा चामड्याचे भाग असलेले कपडे यात घालू नका.

*ड्रायक्लीनिंग.* अंडी, अळी, कोष सगळं मरतं. सूट, कोट, भारी शालींसाठी हाच सोपा मार्ग. देताना 'कसर आहे' हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते कपडा वेगळा ठेवतील. परत आल्यावर ती पातळ पिशवी काढून टाका. पावसाळ्यात तिच्यात ओल कोंडते.

*उष्णता.* रजई, गालिचा, सतरंजी, उशा यांना एप्रिल-मेचं ऊन चालतं. नुसतं दोरीवर टाकलं तर अळ्या सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून दोन्ही बाजू उलटसुलट करा आणि कडक ब्रशने घासा. जास्त खात्री हवी असेल तर वस्तू काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीच्या तापलेल्या लादीवर ठेवा आणि मधोमध तापमापक खुपसा. आत ५५ अंशांच्या वर तासभर राहिलं तर अळी-अंडी टिकत नाहीत. जाड रजईच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला बराच वेळ लागतो, तेव्हा बाहेरून हात लावून अंदाज बांधू नका. रेशीम आणि जर मात्र थेट उन्हात कधीच नको. रंग उडतो, धागा कमजोर होतो.

चंदेरी किड्यासाठी एवढं काही करावं लागत नाही. सुती कपडे गरम पाण्यात धुवा, कडक वाळवा, इस्त्री करा. झालं.

पायरी ५ : कपाट रिकामं करा, आणि मूळ शोधा

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक अर्धी करतात आणि दोन महिन्यांत सगळं परत येतं. कपाट पूर्ण रिकामं करा. फळ्यांच्या फटी, बिजागऱ्या, ड्रॉवरच्या पट्ट्या, दिवाणाचे कोपरे व्हॅक्यूम क्लीनरच्या चपट्या तोंडाने ओढून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर जुना टूथब्रश आणि ओलं फडकं चालेल. जमलेला कचरा त्याच तासाला पिशवीत बांधून घराबाहेर टाका.

कप्प्यात अंथरलेले वर्तमानपत्राचे कागद काढा. ही आपली जुनी सवय आहे, पण कागद म्हणजे चंदेरी किड्याचं जेवण, आणि तो ओलही धरतो. त्याजागी धुतलेलं सुती कापड घाला. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. पावसाळ्यात मागच्या फळीवर हात ठेवून बघा. गार आणि दमट लागली तर भिंतीची गळती काढल्याशिवाय कपाटातलं काहीच टिकणार नाही.

आता मुंबईचा खास भाग : कबुतरं. एसीच्या बाहेरच्या युनिटखाली, एक्झॉस्टच्या भोकात, डक्टमध्ये त्यांनी घरटी केलेली असतात. पक्ष्यांची घरटी हे केसाळ अळीच्या भुंगेऱ्याचं आणि लोकर खाणाऱ्या पतंगाचं मूळ घर. तिथे पिसं, विष्ठा, मेलेले किडे सगळं तयार असतं, आणि खिडकीतून आत यायला दोन फूटही लागत नाहीत. मुलुंडला आमच्या मजल्यावरच्या एका घरात बेडरूमच्या कपाटात वर्षभर भुंगेऱ्याच्या साली सापडत होत्या. दोनदा फवारणी झाली, काही फरक नाही. शेवटी खिडकीवरच्या एसीची चौकट उघडली, तेव्हा मागे वीतभर जाडीचा पिसांचा थर निघाला. तो काढला, जाळी बसवली आणि साली थांबल्या. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा. मग मास्क आणि हातमोजे घालून, विष्ठा आधी पाण्याने ओली करून काढा. कोरडी झाडलीत तर ती धूळ फुफ्फुसात जाते, आणि त्यातून होणारा आजार साधा नसतो.

फवारणी करायचीच असेल तर रिकाम्या कपाटाच्या फटींपुरती, परवाना असलेल्या माणसाकडून. लाकूड पूर्ण वाळेपर्यंत कपडे आत ठेवायचे नाहीत. कपड्यांवर कीटकनाशक मारू देऊ नका. एकदा एका फवारणीवाल्याने 'काही होत नाही' म्हणत भरल्या कपाटात मारलं, आणि आईच्या हिरव्या इरकलीवर उठलेले तेलकट डाग आजही तसेच आहेत. घरात मांजर किंवा माशांची टाकी असेल तर ते आधी सांगा; परमेथ्रिनसारखी औषधं त्यांच्यासाठी जीवघेणी असतात. झुरळांच्या खडूच्या रेघाही कप्प्यात ओढू नका.

पायरी ६ : ठेवायची पद्धत

एकदाच नेसलेली साडी, तासभर घातलेला स्वेटर 'कुठे मळलाय' म्हणून तसाच आत जातो. अळीला स्वच्छ लोकरीपेक्षा घाम, तेल, अन्नाचे डाग लागलेली लोकर जास्त मानवते. भोकं बहुधा काखेत, कॉलरला, पोटावर का पडतात याचं कारण हेच. तेव्हा लोकर धुवून किंवा ड्रायक्लीन करूनच ठेवायची. साडी नेसून झाल्यावर रात्रभर पंख्याखाली पसरायची, डाग बघायचे, मगच घडी.

लोकर आणि रेशीम ठेवण्याची रीत एक नाही. लोकर स्वच्छ आणि खडखडीत कोरडी असेल तर घट्ट बंद होणारा डबा किंवा झिपची जाड पिशवी उत्तम, पतंगाला आत जायला जागाच नाही. हे काम पावसाळ्यात करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. ती हवा डब्यात कोंडली तर कसरीपासून वाचलेली शाल बुरशीने जाईल.

रेशीम आणि जर कापडात गुंडाळायची. मंगलदास मार्केटमधून मांजरपाट किंवा मलमल आणा, पण कोरं वापरू नका. कोऱ्या मांजरपाटात कांजी असते, आणि आपण साडीभोवती चंदेरी किड्याचं खाद्य गुंडाळून ठेवतो. दोनदा गरम पाण्यात धुवून, वाळवून मगच घ्या. आईची जुनी, मऊ झालेली सुती साडी फाडून वापरली तर त्याहून चांगलं. एका कापडात एकच साडी. जर आतल्या बाजूला. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने जर काळवंडते. अत्तरही थेट साडीवर नको. घडी दर तीन-चार महिन्यांनी बदला, नाहीतर पैठणी त्याच रेषेवर चिरते. संग्रहालयांत मोठी वस्त्रं घडी न घालता रुळाला गुंडाळून ठेवतात. तुमच्याकडे एखादी फार जुनी, झिरझिरीत झालेली पैठणी असेल तर पुठ्ठ्याच्या लांब नळीला आधी धुतलेली मलमल गुंडाळा आणि तिच्यावर साडी सैल गुंडाळा.

सुती साड्या, सदरे, फेटे वर्षभरासाठी ठेवताना कांजी काढून ठेवा. नेसायच्या आधी पुन्हा करता येते.

पायरी ७ : डांबरगोळी, वेखंड, कडुनिंब

डांबरगोळीची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली उतरते. म्हणून गोळ्या खाली टाकून काही उपयोग नाही. कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या वर ठेवायच्या. ही वाफ बंद जागेत दाटली तरच अळी मरते. सतत उघडणाऱ्या कपाटात ती फक्त आपल्या नाकात जाते. गोळी कापडाला, जरीला, प्लास्टिकच्या बटणाला टेकू देऊ नका. दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या एकत्र ठेवू नका. काही जोड्या विरघळून डाग पाडतात. आणि पाकिटावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट मी कळकळीने सांगते. बारशाची कुंची, झबली, दुपटी आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतो आणि बाळ आलं की ट्रंकेतून काढून थेट अंगावर घालतो. काही बाळांच्या शरीरात जी-६-पी-डी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं आणि तसं आहे हे आधी कळलेलं नसतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅप्थलीनने फुटतात आणि गंभीर कावीळ होते. बाळाचे कपडे ज्या पेटीत आहेत तिच्यात डांबरगोळी ठेवूच नका. आधीपासून ठेवलेली असेल तर ते कपडे आठवण म्हणून जपा, बाळाच्या अंगाला लावू नका. रांगतं मूल गोळी साखर समजून तोंडात घालतं, हा धोका वेगळाच. कापूरही गिळला तर तितकाच घातक, मुलाला झटके येतात.

वेखंड, कडुनिंबाचा पाला, लवंग, दवणा यांच्यावर माझा जीव आहे. आजीच्या पेटीचा वास म्हणजे वेखंड. पण त्यांचं काम किड्याला दूर ठेवण्याचं. घडीत शिरलेल्या अळीला त्यांनी मरण येत नाही. स्वच्छ केलेल्या, रिकाम्या करून भरलेल्या कपाटात ते जरूर ठेवा. काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंडाचे तुकडे आणा, पुरचुंडीत बांधा, वास गेला की बदला. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवूनच ठेवायचा. ओला पाला म्हणजे आपण हाताने घातलेली ओल.

पतंगासाठी चिकट सापळेही मिळतात. त्यांच्या गंधाला फक्त नर भुलतात, त्यामुळे सापळ्याने कसर जात नाही. पण कुठल्या खोलीत आहे आणि कमी होतेय का, हे नीट कळतं.

वर्षाचं वेळापत्रक

पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला येतो. त्याआधी, मेच्या कोरड्या उन्हात लोकर-रेशीम बाहेर काढून, तपासून, बंद करून टाका. पावसाळ्यात कपाट विनाकारण उघडू नका. ज्या खोलीत एसी आहे तिथे आठवड्यातून एकदा 'ड्राय'वर तासभर चालवून त्याच वेळी कपाटाची दारं उघडा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरचं ऊन तापतं. दिवाळीची साफसफाई तेव्हाच येते, तेव्हा तीच मोठी तपासणी. पुन्हा पांढरी चादर, टॉर्च, घड्या. जानेवारीत स्वेटर घालून झाला की धुतल्याशिवाय आत नाही. महिन्यातून एकदा नुसता हात फिरवून कपडे हलवले तरी फरक पडतो. अळीला निवांतपणा लागतो.

खाल्लेलं दुरुस्त करताना

दोन आठवडे फ्रीजरमध्ये आणि मग दोन दिवस गच्चीच्या सावलीत काढून शाल मी पुन्हा त्याच रफूगराकडे नेली. त्याने भिंगाखाली घडी न् घडी पाहिली आणि मगच आत घेतली. रफूला द्यायचं तर कपडा आधी निर्जंतुक करून द्या, आणि नवा धागा विकत आणू नका. जुन्या रंगाशी तो जुळत नाही. शालीच्या आडव्या कडेतून, सुटाच्या आतल्या शिवणीतून, साडीच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकातून धागे काढता येतात. माझ्या शालीच्या दशांमधून त्याने अकरा जांभळे धागे सोडवले, पांढऱ्या कागदावर एकेक करून मांडले आणि सगळ्यात मोठ्या भोकापासून सुरुवात केली.